अण्णाचं विमान आणि माझा फ्लेक्स

माझ्या लातूरच्या घरात, वरच्या खोलीत, छताच्या हुकाला एक विमान टांगलेलं आहे. पंख सहा फुटांचा, खालून काळाभोर. पाहुणे मान वर करून विचारतात, "उडतं का हो?" मी म्हणतो, "उडतं की. एकदाच उडालंय, पण फार छान उडालंय." पाहुण्यांना वाटतं मी फुशारकी मारतोय. मी खरं तर कबुली देत असतो, पण हातात चहाचा कप असला की माणसाची कबुली कुणाला ओळखू येत नाही.

विमान माझं नाही. माझ्या थोरल्या भावाचं आहे. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, नांदेडला शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेला. आम्ही लहानपणी नांदेडलाच होतो. अण्णा सतरा वर्षांचा असताना त्याला रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी मासिक सापडलं. मासिक तेव्हाच जुनाट होतं आणि त्याच्या मधल्या पानावर त्याहून जुन्या घडणीच्या एका विमानाचा नकाशा होता. लांब नाक, मोठा पंख, खाली दोन चाकं. अण्णानं ते बनवलं. बुरूडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा पंखा कोरला, पतंगाचा कागद कणकेच्या खळीनं चिकटवला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांना पीळ देऊन त्यावर तो पंखा फिरवला. रिमोट वगैरे तेव्हा ऐकूनही माहीत नव्हतं. पीळ द्यायचा आणि सोडायचं. एकदा हातातून सुटलं की ते वाऱ्याचं.

गोदावरीच्या काठावर त्यानं ते सोडलं. वर घारी गोल फिरत होत्या, ऊन तापून हवा वर चढत होती. पीळ संपला तरी विमान खाली येईना. घारींसारखंच गोल गोल फिरत वर गेलं आणि नदीच्या पलीकडे सरकू लागलं. मागे पळून ते आणायचं काम माझ्याकडे होतं. मी पळालो. चपलेचा अंगठा तुटला, म्हणून थांबलो. विमानाचा ठिपका झाला आणि मग तोही दिसेना.

पन्नासहून जास्त वर्षं झाली. घरात लग्न असो की मयत, अण्णा संधी मिळाली की विचारतो, "तवा चप्पल तुटली होती का पाय?"

तीन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. उशिरा कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, ड्रॉप घाला, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. बाजूचं दिसणं गेलं होतं, समोरचं नळीतून पाहिल्यासारखं राहिलं होतं. हे सगळं त्यानं बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. मग म्हणाला, "ते इमान पुन्हा करायचं."

"कोणतं?"

"तुझी चप्पल तुटली ते. नकाशा हाय माझ्यापाशी. आता रिमोटवर कर. तवा गेलं ते गेलं. यावेळी मी ते वर नेणार आन् परत आणणार. माझ्या हातानं, माझ्या डोळ्यानं. डोळे हायेत तवर."

"करू की."

"आन् दुप्पट कर. लहान असलं की मला हुडकावं लागतंय. मोठं असलं, सावकाश उडलं, म्हंजे सापडंल या भोकात."

मोठं करणं म्हणजे माझा हातखंडा. पाटबंधारे खात्यात मी तीस वर्षं ट्रेसर होतो. चौकोन आखायचे आणि लहान नकाशा मोठा करायचा, एवढंच मी आयुष्यात केलं. धरणाच्या भिंती मी दुप्पट केल्यात, कालवे चौपट केलेत. अण्णाच्या त्या पिवळ्या पडलेल्या कागदाचं मला काय विशेष. मी तो अत्यंत निष्ठेनं दुप्पट केला. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, आणि लाकडाची जाडीही दुप्पट. कामट्यांच्या जागी चांगल्या सागाच्या पट्ट्या घातल्या. पाच महिने लागले. बायको चहा घेऊन वर यायची आणि म्हणायची, "अहो, हे जरा जास्तच मजबूत होतंय का?" मी म्हणायचो, तुला त्यातलं काय कळतं.

अण्णा लातूरला आला. त्यानं पंख दोन्ही हातांनी उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"हे इमान हाय का पलंग?"

"तू म्हणालास दुप्पट."

"आरं, लांबी, रुंदी आन् जाडी, तिन्ही दुप्पट केलंस तर वजन आठपट होतंय. वरून साग. हा काय धरणाचा बांध हाय, हलू नये म्हणून?" मग बोटांनी एकेक फासळी चाचपत म्हणाला, "काम मात्र सुबक केलंस. यावर माणूस झोपंल."

त्या पलंगाचे तुकडे अजून माळ्यावर आहेत. कुरिअरनं बाल्साचं हलकं लाकूड मागवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता हिशेब अण्णानं फोनवरून सांगितला, प्रत्येक पट्टीची जाडी त्यानं ठरवली. कापड म्हणून साडी सेंटरमधलं अस्तराचं पातळ कापड ताणून बसवलं. नाकात बॅटरीवरची मोटर, पोटात शेपटी हलवणाऱ्या दोन चिमुकल्या मोटरी. आणखी सात महिने गेले. ते सात महिने मी वाया घालवले नाहीत असं मी तेव्हा म्हणायचो. वाया आधीचे पाच गेले होते, आणि अण्णाच्या जाणाऱ्या डोळ्यांना हे पाच आणि ते सात वेगळे कळत नाहीत.

दरम्यान आम्ही दोघं थर्माकोलच्या छोट्या विमानावर शिकत होतो. मी लातुरात, तो नांदेडच्या बाहेर एका पडीक रानात. मी माझं विमान इतक्या वेळा पाडलं की त्यात थर्माकोलपेक्षा चिकटपट्टी जास्त झाली. अण्णानं त्याचं एकदाही पाडलं नाही. वहिनी फोनवर सांगायच्या, "भावजी, जवळजवळच फिरवतात, गोल गोल. लांब गेलं की दिसत नाही म्हणून. पण उतरवतात बघा असं, कबूतर उतरावं तसं."

रंगाबद्दल अण्णाची एकच अट होती. पंख खालून काळा पाहिजे. "आभाळ उजळ असतंय. त्यात काळं तेवढं मला दिसतंय. बाकी वरून पिवळं कर, हिरवं कर, तुझी हौस कर."

आणि इथं माझी हौस आली.

विमान उडवायला मोकळी जागा हवी. नांदेडला विमानतळ, लातूरलाही विमानतळ, त्यांच्या आसपास असले उद्योग चालत नाहीत. शहराबाहेर दूर आमच्या एका ओळखीच्या गृहस्थांचं प्लॉटिंग पडलं होतं. नुसते दगड रोवलेले, घर एकही नाही, मधून मुरमाचा सरळ रस्ता. मी त्यांना जागा मागितली. ते म्हणाले, "घ्या की सर. पण असं गुपचूप कशाला करून राहिले? कार्यक्रम घेऊ. माझ्याही साइटचं नाव होईल."

मी नाही म्हणायला हवं होतं. अण्णानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आपण दोघंच जायचं. सकाळी सहाला. वारा उठायच्या आत." पण तीस वर्षं ट्रेसर असलेल्या माणसाला कुणी कधी स्टेजवर बोलावलेलं नसतं. नकाशावर सही इंजिनिअरची असते. मी म्हणालो, "छोटाच करू."

छोटाच झाला. मंडप, दोनशे खुर्च्या, माइक, नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला, आणि पंधरा फुटी फ्लेक्स. फ्लेक्सवर डावीकडे प्रमुख पाहुणे, एक माजी सभापती. उजवीकडे प्लॉटिंगवाले. मधोमध मी, गॉगल लावलेला, मागे ढग. खाली ठळक अक्षरांत: 'स्वनिर्मित विमानाचे प्रथम उड्डाण'. अण्णाचा फोटो नव्हता. मी मागितला असता तर त्यानं दिला नसता, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि मागितलाच नाही.

चार दिवस आधी प्लॉटिंगवाले विमान बघायला घरी आले. पंखाखाली वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "सर, काळं? शुभ काम हाय. सभापती नारळ फोडणार, कुंकू लावणार. काळ्यावर कुंकू?"

बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "अण्णांनी काळा सांगितलाय ना?"

मी म्हणालो, "अण्णाला मी समजावतो." आणि त्याच दुपारी काळं कापड सोलून पांढरं बसवलं. समजावलं मात्र नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी अण्णा नांदेडहून आला. विमान तेव्हा चादरीत गुंडाळून गाडीत ठेवलं होतं. पहाटे आम्ही दोघं निघालो आणि सहाला मैदानावर पोचलो. जानेवारी संपत आला होता. गारठा होता, खुर्च्यांवर दव होतं, आणि सामान उतरवेपर्यंत पूर्वेला आभाळ असं उजळलं की त्यात चिमणी गेली तरी दिसावी. मंडपवाला सोडून कुणी नव्हतं. तोही झोपलेला. अण्णानं उपरण्याचं टोक हातात धरून सोडलं. ते सरळ खाली लोंबलं.

"बघ. पान हालंना. जोड पंख."

"अण्णा, कार्यक्रम नऊला आहे."

"आसू दे नऊला. एक चक्कर मारू. वर नेतो, एक वळण घेतो, परत आणतो. पाच मिनिटाचं काम. मग तुमी दिवसभर नारळ फोडा."

आता मी जे उत्तर दिलं ते लिहायला मला अजून अवघड जातं. मी म्हणालो, "फ्लेक्सवर प्रथम उड्डाण लिहिलंय. आत्ता उडवलं तर नऊचं दुसरं होईल."

अण्णा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. म्हणजे आधी त्यानं मान फिरवून माझा चेहरा शोधला, मग बघत राहिला.

"कुणाला कळणार हाय?"

"मला कळेल ना."

आयुष्यात मी एकदाच तत्त्वाला चिकटलो, आणि ते नेमकं तिथं. मुळात विमान आधी उडवून, तपासून मग लोकांसमोर आणावं एवढी अक्कल थर्माकोलवाल्यालाही असते. मी ते शेजारच्या रानात नुसतं हातानं ढकलून बघितलं होतं, एवढंच.

अण्णा मंडपातल्या एका खुर्चीवरचं दव रुमालानं पुसून बसला.

नऊला लोक आले. दहाला सुशीला संपला. साडेदहाला निरोप आला की सभापती एका साखरपुड्याला थांबलेत. अकराला उपरण्याची टोकं हलायला लागली. मी दर दहा मिनिटांनी अण्णाजवळ जाऊन "आता येतीलच" म्हणत होतो, आणि तो दर वेळी "हाव" म्हणत होता. पाऊणला गाड्या आल्या. शाल, हार, नारळ. सभापतींनी भाषणात आपल्या जिल्ह्यातल्या मातीचं कौतुक केलं, आणि विमान पाहून "हे किती प्रवासी नेतं?" असा विनोदही केला. मग त्यांना रिमोट हातात घेऊन फोटो हवा होता. तो झाला. प्लॉटिंगवाल्यांचा झाला. पंखाच्या पांढऱ्या पोटावर कुंकवाची पाच बोटं उठली, आणि त्यासाठी विमान उलटं धरलं तेव्हा अण्णानं तो पंख पहिल्यांदा पाहिला.

"पांढरं हाय हे," तो हळूच म्हणाला.

"शुभ कामाला काळं..." एवढंच मी म्हणू शकलो.

"हाव."

मुरमाच्या रस्त्यावरून विमान पळालं आणि अलगद उठलं. इतकं गोड उठलं की मी क्षणभर विसरलो ते मी बनवलंय. वाऱ्यात जरा डुलत होतं, पण अण्णाचा हिशेब होता, ते स्वतःच सावरत होतं. फ्लेक्सवर मी होतो म्हणून वर मीच नेलं, सरळ केलं आणि रिमोट अण्णाच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णानं मान वर केली. दुपारचं आभाळ पांढुरकं, डोक्यावर ऊन, आणि त्यात माझा पांढरा पंख.

"कुठंय?"

"समोर, अण्णा. जरा उजवीकडं."

"कुठंय?"

"अजून वर. हां, तिथंच. वळव आता डावीकडं."

"दिसू दे आधी."

माइकवरचा माणूस सांगत होता की आपल्या मराठवाड्यात गुणवत्तेची कमी नाही. अण्णाची मान सावकाश फिरत होती, एखाद्या मोठ्या अंधाऱ्या खोलीत बॅटरी फिरवावी तशी. विमान वाऱ्याबरोबर सरळ लांब चाललं होतं. त्याचे अंगठे रिमोटच्या काड्यांवर होते, पण हलत नव्हते. त्याला दोन पावलं पुढे जावंसं वाटलं असावं, तो गेलाही, आणि प्लॉटच्या एका दगडाला अडखळला.

मग त्यानं रिमोट माझ्याकडे केला. "धर. जाईल न्हाईतर."

मी घेतला. विमान वळवलं, आणलं आणि उतरवलं. इतकं सुरेख मी आयुष्यात काही उतरवलेलं नव्हतं. लोक उभे राहिले. माझ्या गळ्यात हार पडला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली 'लातूरकराची गगनभरारी'. मध्ये मी, शेजारी सभापती, डाव्या कडेला एक कोपर. ते कोपर अण्णाचं.

घरी जाताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. "चांगलं उतरवलंस." चपलेबद्दल काही बोलला नाही. त्या दिवसापासून त्यानं तो प्रश्न पुन्हा कधी विचारलेला नाही. त्यानं विचारावा म्हणून मी दोनदा मुद्दाम विषय काढला, तरी नाही.

मी पांढरं कापड सोलून पुन्हा काळं बसवलं. घाई केली, तरी मधे घरातली दुखणी, पाऊस, माझी कारणं. दिवाळीनंतर मी विमान घेऊन नांदेडला गेलो. दव लागू नये म्हणून पंख गुंडाळायला मोठं काहीतरी हवं होतं. घरात तेवढं मोठं एकच होतं, फ्लेक्स. आमच्याकडे फ्लेक्स कुणी टाकत नाही, सरपणावर घालतात, गाडीवर घालतात. मी पंखावर घातला.

सहाला आम्ही त्या पडीक रानात होतो. आता त्याच्या एका डोळ्याला फक्त उजेड कळत होता. दुसऱ्यात, चेहरा अगदी समोर नेला तर नाक-डोळे दिसायचे. मी पंख उघडून त्याच्या हातात दिला. त्यानं पोटाकडून हात फिरवला.

"काळं केलंस."

"कसं कळलं?"

"तुझी बायको बोलली फोनवर."

मी विमान जोडलं. बॅटरी लावली. मग गाडीत पाठ केलेलं वाक्य म्हणालो. "अण्णा, रिमोट तू धर. मी शेजारी उभा राहून सांगतो, डावं, उजवं, वर, खाली. तू नुसत्या काड्या हलव. आपण परत आणू."

तो हसला. "तुझ्या डोळ्यानं आणलेलं ते तूच आणलेलं. तुझं तर झालंय आणून. फोटो बी आलाय."

"मग मी उडवू? तू ऐक."

"नको."

गवत ओलं होतं, म्हणून मी फ्लेक्स अंथरला आणि आम्ही बसलो. वहिनींनी थर्मासमध्ये चहा दिला होता. अण्णानं हातानं खालचं चाचपलं. "हे गुळगुळीत काय हाय?"

"फ्लेक्स. तोच."

"मी कुठं बसलोय?"

मी वाकून पाहिलं. "माझ्या तोंडावर."

"बरं हाय," तो म्हणाला, आणि जरा ऐसपैस सरकून बसला.

चहा पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "त्या दिवशी आपण किती वाजता पोचलो होतो?"

"सहाला."

"वारा?"

"नव्हता."

"आभाळ?"

"स्वच्छ होतं, अण्णा."

"हां. मला बी तसंच आठवतंय," तो म्हणाला. "वाटलं, मलाच तसं वाटून राहिलं का काय."

विमान पुढ्यात उभं होतं, नाक वर करून, बॅटरी भरलेली. सूर्य वर आला. अण्णाच्या उपरण्याचं टोक जरासं उचललं गेलं, आणि माझ्याआधी ते त्याला कळलं.

"सुटला बघ वारा," तो म्हणाला. "चल, गुंडाळ."